पेटीच्या झाकणातला पोपट

कागदावरची चित्रं कापायची, ती डब्यावर, बाटलीवर, ताटावर चिकटवायची आणि वरून वार्निश मारायचं, याला डेकूपाज म्हणतात हे मला मोबाईलनं सांगितलं. नाव ऐकून आधी वाटलं, हा कातडीचा रोग असावा. मोबाईलवरची बाई पांढऱ्या टेबलाशी बसली होती, तिची नखं रंगवलेली होती आणि समोर वेगवेगळे ब्रश ओळीनं मांडलेले होते. ती करत होती तेच काम मी लग्नाच्या आधीपासून करते. मी मांडी घालून बसते, ब्रश म्हणून नवऱ्याचा दाढीचा जुना ब्रश वापरते, आणि आमच्या घरात या कलेला "कागदं चिकटवनं" म्हणतात. नवऱ्याचा शब्द याहून आटोपशीर आहे. तो म्हणतो, "कचरा."

आम्ही वसमतला राहतो. नवरा एसटीच्या गाड्या दुरुस्त करतो. तो संध्याकाळी घरी येतो तेव्हा त्याचे हात ऑईलनं काळे असतात आणि माझे खळीनं पांढरे. दोघांचेही हात धुतल्यावर लवकर स्वच्छ निघत नाहीत, पण त्याचं ते काम आणि माझा तो कचरा. हे मी त्याला बऱ्याचदा ऐकवलं आहे. तो ऐकतो, हसतो आणि जेवायला बसतो.

माझा कच्चा माल म्हणजे लग्नपत्रिका. आमच्याकडे लग्नसराईत घरोघरी पत्रिकांचा ढीग पडतो. लग्न उरकलं की पत्रिकेला कुणी विचारत नाही, ती दूध झाकायला जाते नाहीतर चुलीत. मी विचारते. गल्लीतल्या सगळ्या बायांना सांगून ठेवलेलं आहे, त्यामुळे पत्रिका आपोआप माझ्या दारात येतात. त्यातले मोर, केळीचे खांब, सनईवाले, पालखी, कलश, वेलबुट्टी मी कापून घेते. पत्रिकेचा कागद जाड असतो. तो तसाच चिकटवला तर बोटाला कड लागते आणि वस्तू गावठी दिसते. म्हणून मागची बाजू ओली करून एकेक पापुद्रा सोलायचा, शेवटी नुसता छापलेला पातळ थर हातात राहिला पाहिजे. घाई केली तर मोराची मान तुटते. आमच्या घरात अशा मान तुटलेल्या मोरांचा एक डबाच आहे.

देवाच्या चित्राचा मात्र नियम आहे. पत्रिकेवर गणपती असतोच. तो मी बाजूला काढते आणि गणेशविसर्जनाला नदीत सोडते. बौद्ध घरांतल्या पत्रिकांवर बुद्ध असतात, तेही तसेच जपून बाजूला. मागच्या गल्लीतल्या मुसलमान शेजारणीकडून पत्रिका आल्या की कुराणाची आयत छापलेला वरचा भाग मी तिला परत नेऊन देते, तो कसा ठेवायचा हे तिला माहीत. देव कुठं चिकटवायचा नाही, निदान ज्या वस्तूवर कुणी बसेल, पाय ठेवेल, उष्टं ठेवेल अशा वस्तूवर तर नाहीच. आणि एकदा चुकून चिकटलाच, तर त्याला नख लावायचं नाही. देव खरवडून काढणारी बाई आमच्यात अजून जन्मली नाही.

बाहेरून मी दुकानातला पांढरा डिंक वापरते, पण आतल्या बाजूला खळ लागते. ती मला माझ्या आईनं शिकवली. मैदा पाण्यात शिजवायचा, त्यात मोरचुदाचा खडा आणि चिमूटभर हळद. मोरचुदानं आणि हळदीनं झुरळं, कसर कागदाला तोंड लावत नाहीत. हळदीचा एक दोष आहे. कागद दाबला की कडेनं खळ बाहेर येते आणि वाळल्यावर तिथं केसाएवढी पिवळी रेघ राहते. मोबाईलवरच्या बाईनं पाहिली असती तर तिनं नाक मुरडलं असतं. मला ती रेघ आवडते. वसमतला हळदीच्या बाजारात नुसतं फिरून आलं तरी ओढणी पिवळी होते, मग माझ्या डब्यांनीच काय पाप केलंय.

आम्हाला एकच लेक. ती चालायला लागली तेव्हापासून माझ्याजवळ बसून कागद फाडायची. पुढं मी तिच्या हातात बोथट कात्री दिली. तिनं पहिलं चित्र कापलं ते किराणा दुकानाच्या कॅलेंडरवरच्या पोपटाचं. पोपट नीट कापला, पण शेपटी राहिली कॅलेंडरवर. ते लेकीच्या नंतर लक्षात आलं आणि ती इतकी रडली की नवऱ्यानं हिरव्या खडूनं शेपटी काढून दिली. गाड्यांची इंजिनं खोलणाऱ्या माणसानं काढलेली शेपटी ती, झाडूसारखी झाली होती. तो पोपट मी पिठाच्या डब्यावरच्या फळीत, ताटाखाली दाबून ठेवला. घर दोनदा रंगवलं, फळी हलली, पोपट हलला नाही.

लेकीचा हात पुढं माझ्यापेक्षा चांगला झाला. हे मी सहज म्हणत नाही, मी कुणाला सहज चांगलं म्हणत नाही. मी बोटानं कागद दाबायची, तिनं चमचा घ्यायला सुरुवात केली. चमच्याच्या पाठीनं मधून कडेकडं हवा काढत न्यायची, आणि शेवटी कडेवर चमचा आडवा धरून एकाच दमात फिरवायचा. मध्ये उचलायचा नाही. तिनं दाबलेल्या कडेवर डोळे मिटून बोट फिरवलं तर कागद कुठं संपला ते कळत नाही. मी तिच्याकडून शिकायचा प्रयत्न केला. माझा चमचा कोपऱ्यावर अडखळतोच.

तिचं लग्न कुरुंद्याला जमलं. हळदीची शेती, पक्कं घर, मुलगा शांत. सासूबाई तेवढ्या शांत नव्हत्या, पण सासू शांत असावी असं कुठल्या शास्त्रात सांगितलंय. घरात एक नणंद, लेकीच्याच वयाची, लग्नाची.

लग्न ठरलं त्याच दिवशी मी मनात घेतलं की लेकीला एक पेटी करून द्यायची. त्याला कारण होतं. माझ्या लग्नात माझ्या आईनं मला पेटी दिली होती. मी सासरी आले, पेटी सासूबाईंच्या खोलीत गेली आणि किल्ली त्यांच्या कमरेला. माझीच साडी मला मागून घ्यावी लागायची, आणि मागितली की "आता काहून पायजे?" असा प्रश्न यायचा. सासूबाई गेल्यावर पेटी माझ्याकडं आली, तेव्हा तिचा तळ गंजला होता आणि माझी हौस फिटली होती. सासरी भिंती त्यांच्या, भांडी त्यांची, आपलं नावसुद्धा त्यांचं. तिथं लेकीची स्वतःची अशी एक वस्तू असावी, जिच्यावर तिचा हक्क आहे हे झाकण उघडल्याबरोबर तिला दिसावं, एवढंच माझ्या मनात होतं. बाकी फ्रीज, कपाट ज्याला द्यायचं त्यानं द्यावं.

पेटी मी बाजारातल्या म्हाताऱ्या चाचांकडून करून घेतली. ते पत्र्याच्या पेट्या, पाणी तापवायचे बंब, धान्याच्या कोठ्या करतात. मी म्हटलं, कोपरे नीट मोडा, कागद फाटला नाही पाहिजे. ते म्हणाले, "बेटी के वास्ते है ना? फिर फिकर नको करो." कोपरे त्यांनी असे वळवले की कुठं हात कापेना. घरी आणून मी ती घासकागदानं घासली, रंग दिला, पुन्हा घासली. मग लेक आणि मी बसलो.

ते दिवस मला आठवतात ते राग येण्यासाठीच बहुतेक, कारण त्यांच्याइतके चांगले दिवस मला नंतर मिळाले नाहीत. झाकणाच्या वर आम्ही मोरांची जोडी लावली, चारी बाजूंनी केळीचे खांब, पुढच्या बाजूला सनईवाले आणि पालखी. पालखी वेगळ्या पत्रिकेतली, भोई वेगळ्या पत्रिकेतले, त्यामुळे भोई पालखीपेक्षा मोठे झाले. लेक म्हणाली, "असू दे आई, नवरी हलकी पडंल त्याह्यला." आम्ही दोघी हसलो. नवरा दारातून बघून गेला, परत आला आणि म्हणाला, "बिजागरीला तेल मी घालतो." तेवढ्या दिवसांत त्यानं कचरा हा शब्द काढला नाही.

आतून सगळीकडं वह्यांना घालतो तो खाकी कागद हळदीच्या खळीनं लावला. झाकणाची आतली बाजू मी लेकीला करू दिली नाही. ती मैत्रिणीकडं गेलेली असताना मी फळीतून पोपट काढला आणि झाकणाच्या मधोमध चिकटवला, खडूच्या शेपटीसकट. ते तिला सासरी गेल्यावर, पेटी पहिल्यांदा उघडताना दिसणार होतं. मी पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली लग्नाच्या दिवशी तिच्या मुठीत दिली.

लग्नात रुखवताच्या टेबलावर पेटी मधे ठेवली होती. बायांची तिथं ही गर्दी. विहीणबाईंनी पेटीवरून बोट फिरवलं, बोटाला काही लागतंय का बघितलं आणि विचारलं, "बाजारातनं आनली का?"

"न्हाई, तुमच्या सूनबाईनं केली. मी हाताखाली होते," मी म्हटलं.

"अशी कशी घरी व्हईल," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या ताटाकडं वळल्या. त्यांना ती आवडली आहे हे मला कळलं. मला बरं वाटलं. त्या दिवशी मी एवढी मूर्ख होते.

लग्नानंतर लेकीचा फोन आला, नुसती रडत होती. मी घाबरले. मग म्हणाली, "आई, पोपट." मग मीही रडायला लागले. नवऱ्यानं फोन घेतला आणि शेपटीची चौकशी केली.

पहिल्या संक्रांतीला आम्ही दोघं कुरुंद्याला गेलो. लेकीच्या खोलीत पेटी नव्हती. तिच्या साड्या कापड दुकानाच्या पिशव्यांत घालून पलंगाखाली सरकवलेल्या होत्या. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मामींनी वर ठेवली. चांगली हाय म्हनून. इथं पोरं चढतेत, खराब व्हईल." मामी म्हणजे तिच्या सासूबाई. आणि घरात लहान पोर एकही नव्हतं. मी तिच्याकडं पाहिलं, तिनं पिशवीची गाठ घट्ट केली. चहा घेताना विहीणबाईंनी स्वतःहून विषय काढला.

"तुमची पेटी जपून ठेवली बरं का इहीनबाई. जुन्या लुगड्यात गुंडाळून."

मी म्हटलं, "पेटी वापरायला दिली होती."

"वापरल्यावर वस्तू राहती व्हय," त्या म्हणाल्या.

त्यावर माझ्याकडं उत्तर होतं, पण लेकीनं बशीत चहा ओतून माझ्यापुढं केला. मी बशीतून पीत नाही हे ती जाणते, म्हणजे ती मला थांबवत होती. तो चहा मी बशीतूनच प्यायले. परतीच्या बसमध्ये मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "घरातच हाय ना पेटी? मग झालं." पुरुषांचं किती लवकर होतं.

पुढच्या वर्षी नणंदेचं लग्न निघालं. मुलगा परभणीकडचा. आम्हाला मानाचं आमंत्रण होतं, विहीणबाई स्वतः पत्रिका घेऊन आल्या होत्या. पत्रिका देखणी होती, वरती सोनेरी गणपती, शेंदरी पाटावर बसलेला. त्यांनी चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावून ती माझ्या हातात दिली. मी सवयीनं कागद किती जाड आहे ते बोटांनी चाचपलं. त्या हसून म्हणाल्या, "तुमी कापनार व्हय ही बी?" मीही हसले. लेकीला फोनवर विचारलं, नणंदेच्या रुखवताला काय केलं, मी काही करून आणू का. ती म्हणाली, "नको, झालंय सगळं." आणि लगेच भाजी लागतेय म्हणून फोन ठेवला.

कार्यालय वसमत रस्त्यावरचं. आम्ही पोचलो तेव्हा हळद उरकली होती आणि बाया रुखवताभोवती जमल्या होत्या. मी पायातली चप्पल काढून आत गेले, आणि टेबलाच्या मधोमध माझी पेटी दिसली.

झाकणावर मोरांची जोडी. पुढं पालखी, आणि पालखीपेक्षा मोठे भोई. पेटीला टेकवून एक पुठ्ठा ठेवला होता, त्यावर चकमकीत अक्षरांत नवरीचं नाव आणि खाली लिहिलेलं होतं, "स्वहस्ते बनवलेली कलाकुसर". शेजारी उभी असलेली बाई दुसरीला म्हणत होती, "पोरगी लय गुनाची हाय. एवढं बारीक काम." दुसरी म्हणाली, "आन् शेतातबी जाती."

लेक टेबलापलीकडं, पानसुपारीच्या ताटाशी उभी होती. तिनं मला पाहिलं. ती जवळ आली नाही, तिथूनच तिनं मान अगदी थोडी हलवली. लहानपणी शेजारी पाहुणे असताना मी तिला अशीच मान हलवून गप्प करायची. आता ती मला करत होती.

विहीणबाई गर्दीतून वाट काढत आल्या. त्यांना वाटलं असेल मी न बोलता निघून जाईन, किंवा मी बोलेन आणि ते आधीच निपटावं. त्यांनी माझा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ह्या आमच्या इहीनबाई. ह्यांना ह्यातलं समजतंय बराबर. सांगा इहीनबाई, कशी झाली पेटी?"

इतक्या बाया माझ्या तोंडाकडं बघत होत्या. खरं सांगायचं तर ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. ते मी घरी नंतर कितीतरी वेळा भिंतीला ऐकवलं आहे. पण त्या वाक्याची किंमत मला द्यायची नव्हती, ती लेकीला द्यावी लागली असती, रोज, त्या घरात, चहाच्या कपापासून. हे त्यांनाही माहीत होतं, म्हणून तर त्यांनी हात धरला होता. मला त्या बाईचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि बायांना वाटलं मी भारावले.

"छान झाली," मी म्हटलं. मग मला राहवलं नाही. नवरी शालू सावरत तिथंच उभी होती. तिला विचारलं, "पालखीचे भोई एवढे मोठे काहून घेतले गं?"

तिनं पहिल्यांदाच भोयांकडं पाहिलं. "मोबाईलवर तसेच व्हते," ती म्हणाली.

बाया हसल्या, विहीणबाई हसल्या, आणि कुणीतरी जेवणाची पंगत बसतेय म्हणून हाक मारली. टेबलाभोवतीची गर्दी पांगली. मी थांबले. माझा आता एकच विचार होता. पेटी गेली तर गेली, मी दुसरी करीन. पण पोपट मी इथं सोडणार नाही. ओल्या रुमालानं कागद भिजवला, पाच मिनिटं थांबलं, तर खळीचा कागद हलकेच सुटून येतो. पर्समध्ये पाण्याची बाटली होती. एवढीच चोरी करायची मी ठरवलं होतं, आणि ती चोरी कशी म्हणायची तेही मला कळत नव्हतं.

कुलूप नव्हतं. मी कडी काढली आणि झाकण वर केलं. नवऱ्यानं तेल घातलेली बिजागरी अजून आवाज न करता उघडली.

पोपट नव्हता. त्याच्या जागी सोनेरी गणपती होता, शेंदरी पाटावर बसलेला, नणंदेच्या पत्रिकेवरचा. मी बोट ठेवलं. कड लागली नाही. कागद मागून पापुद्रा-पापुद्रा सोललेला होता, सोंडेच्या वळणावरसुद्धा कुठं सुरकुती नव्हती, आणि चारी बाजूंनी चमचा एकाच दमात फिरलेला होता, कोपऱ्यावर न अडखळता. गणपतीच्या भोवतीनं केसाएवढी पिवळी रेघ होती. त्या घरात पोत्यांनी हळद आहे, पण ती खळीत घालायची कुणाला माहीत. त्या घरात ते माहीत असलेलं माणूस एकच आहे.

ती माझ्या मागं येऊन उभी राहिली होती. बांगड्यांवरून मला कळलं.

"तूच लावलास," मी म्हटलं.

"व्हय."

"काहून गं?"

ती हळू आवाजात, ताटं मोजत असल्यासारखं बोलत होती, लांबून कुणी पाहिलं तर वाटावं आम्ही रुखवत बघतोय. "मामींनी पेटी मागितली. न्हाई कसं म्हनू? माझ्या खोलीत तर ती कधी आलीच न्हाई. मग ह्या नवरीबाईनं झाकन उघडलं आन् म्हनली, हे लेकरावानी काय चिकटवलंय, लोक हसतील. उलथनं घेऊन आली व्हती खरवडायला. मी म्हनलं थांब, मी करते."

"मग मोर लावायचा. फूल लावायचं."

"फूल उद्या कुनीबी खरवडंल, आई, आन् खालचा पोपटबी जाईल. गनपतीला कोन खरवडतंय."

माझा हात अजून झाकणावर होता. पर्समधली बाटली मला जड वाटत होती. तिनं ती पर्स पाहिली, मग माझ्या हातातला रुमाल पाहिला. माझी लेक आहे ती, तिला सांगावं लागत नाही.

"तूबी न्हाई," ती म्हणाली. "झाकन लाव."

मला तिचा राग आला. विहीणबाईंचा आला होता त्याहून जास्त. विहीणबाई परक्या, त्यांनी परक्यासारखं केलं. पण हिनं माझीच खळ, माझाच नियम आणि स्वतःचा तो सोन्यासारखा हात घेऊन इतकं बेमालूम काम केलं होतं की माझ्यासाठीसुद्धा फट ठेवली नव्हती. ती शहाणी निघाली. मी सासूच्या कमरेच्या किल्लीकडं बघून रडायची, ही रडलीसुद्धा नाही. तिचं ते शहाणपण मला सहन झालं नाही. असं शहाणं व्हावं लागू नये म्हणून तर मी पेटी केली होती.

"रडलीस का लावताना?" मी विचारलं. मला ते ऐकायचं होतं.

"खळ पातळ झाली असती," ती म्हणाली आणि मामींनी हाक मारली म्हणून गेली.

मी झाकण लावलं, कडी घातली. पंगतीत मला बुंदी वाढली, मी ती खाल्ली. नवऱ्याला रुखवतात काय होतं ते सांगितलं नाही. तो त्या टेबलाकडं फिरकला नव्हता, पुरुषांना तिथं काय काम.

लग्न लागल्यावर दुपारी वऱ्हाड निघालं. रुखवत नवऱ्या मुलाच्या टेम्पोत चढवत होते. फ्रीज, कपाट, गाद्या, आणि सगळ्यांच्या शेवटी पेटी. सामान लावून झाल्यावर मुलाकडचा एक दांडगा माणूस चढला, जागा शोधली आणि घाम पुसत पेटीवर बसला. पत्रा खाली वाकल्याचा आवाज मला फाटकापर्यंत ऐकू आला. मोरांवर बसला होता तो. विहीणबाईंनी पाहिलं, त्या दुसरीकडं बघायला लागल्या, मुलाकडच्याला उठ कोण म्हणणार. लेक माझ्यापासून दोन हातांवर पदराचं टोक धरून उभी होती.

मी टेम्पोजवळ गेले. "दादा, उठा," मी म्हटलं. "पेटीवर बसू नका."

तो म्हणाला, "काही व्हत न्हाई मावशी, मजबूत हाय."

"आत गणपती आहे," मी म्हटलं.

तो ताडकन उठला. झाकणाला हात लावून तो हात त्यानं छातीला लावला, "माफ करा, म्हाईत नव्हतं," म्हणाला, आणि गादीवरची चादर ओढून पेटीवर नीट पांघरली. टेम्पो परभणीच्या रस्त्याला लागेपर्यंत तो उभाच होता. पोपटासाठी तो उठला नसता. मागं वळून पाहिलं तर लेक माझ्याकडंच बघत होती, आणि तिनं मान अगदी थोडी हलवली.